हिमालयाची तयारी वसतिगृहात

या स्मरणिकेत पुढे कोठेतरी हामटा खिंडीवरचे एक रंगीत छायाचित्र वाचकांना दिसेल. पाठीमागे बर्फ, वर गडद निळे आकाश, मध्ये विद्यालयाचा फलक आणि दोन मुलींनी दोन्ही टोकांना धरलेला पंचरंगी धम्मध्वज. समुद्रसपाटीपासून सुमारे ४,२७० मीटर उंचीवर आपल्या विद्यालयाची मुले उभी आहेत, याचा आम्हांला अभिमान आहे आणि तो लपविण्याचे कारण नाही. छायाचित्राखाली ‘एकवीस विद्यार्थी’ असे छापलेले आहे. मनालीहून निघालेले विद्यार्थी मात्र बावीस होते. ते छायाचित्र काढले जात असताना बाविसावा विद्यार्थी दोन शिक्षकांच्या आधाराने खाली जोबऱ्याच्या वाटेवर होता.

संपादक मंडळाने आम्हांला, म्हणजे मुलांबरोबर गेलेल्या चार शिक्षकांना, मोहिमेचे वर्णन लिहिण्यास सांगितले होते. ते वर्णन मुलांनी स्वतःच लिहिले आहे आणि आमच्याहून सरस लिहिले आहे. म्हणून आम्ही येथे त्या बाविसाव्या मुलाविषयी आणि त्याच्यामुळे आमचे जे मत बनले त्याविषयी लिहीत आहोत. येत्या जूनमध्ये दुसरी तुकडी जावयाची आहे. पहिल्या तुकडीची तयारी आम्ही कसून केली होती, परंतु ती उलट्या क्रमाने केली होती, असे आता आमचे स्पष्ट मत आहे.

तयारीत आम्ही काय केले ते आधी सांगितले पाहिजे, कारण त्यात हयगय झाली असे कोणी समजू नये. मार्चपासून पहाटे पाचच्या घंटेनंतर मैदानाला फेऱ्या. एप्रिलपासून पाठीवर सहा-सात किलोंची पिशवी घेऊन वसतिगृहाचे तीन मजले चढणे-उतरणे. पिशवीत ग्रंथालयातील जुने शब्दकोश आणि वाळूच्या पुड्या. रविवारी रामटेकची टेकडी. विदर्भातील मे महिन्यात, पारा पंचेचाळिसाच्या पुढे असताना, आमची मुले सूर्य उगवण्याआधी दीड तास चालून आलेली असत. चिखलदऱ्याला दोन दिवसांचे शिबिर घेतले, गाविलगड पायाखाली घातला. मुले तयार झाली. पायांत बळ आले, दम वाढला, गुडघे उताराला सरावले. हे सारे आवश्यकच होते आणि पुढील तुकडीनेही ते करावे.

यांखेरीज टी-शर्ट छापले. फलक करून घेतला. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी प्रांगणात मंडप घालून निरोप समारंभ झाला. गावोगावचे पालक आले, प्रत्येक मुलाचे नाव ध्वनिक्षेपकावरून पुकारले गेले, प्रत्येकाला पुष्पगुच्छ मिळाला. त्या मंडपाचा विषय पुढे पुन्हा येईल.

नागपूरहून रेल्वेने दिल्ली, दिल्लीहून रात्रीच्या बसने मनाली. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे तीनशे मीटरवर, दिल्ली त्याहूनही खाली आणि मनाली सुमारे दोन हजार मीटरवर. सकाळी मनालीत उतरलो, तोंडे धुतली, नाश्ता केला आणि त्याच दिवशी जीपने जोबरा व तेथून चालत चिका. म्हणजे दिल्ली सोडल्यापासून चोवीस तासांच्या आत आमची मुले सुमारे एकतीसशे मीटरवर झोपली. दुसऱ्या दिवशी ‘बालू का घेरा’ या तळावर, सुमारे छत्तीसशे मीटर. तिसऱ्या दिवशी खिंड.

बालू का घेऱ्याला पोहोचलो तेव्हा ऊन होते. ओढ्याकाठी हिरवळ होती, वरच्या कड्यांना बर्फ चिकटलेला होता आणि मुले हरखून गेली होती. संध्याकाळी हजेरी घेतली आणि रोजच्याप्रमाणे मोठ्याने विचारले, “सगळे ठीक ना?” बावीस कंठांतून एकदम उत्तर आले, “हो सर!” आम्ही समाधानाने वहीत तशी नोंद केली. ती वही आमच्याजवळ आहे. ‘सर्व विद्यार्थ्यांची प्रकृती उत्तम’ हे वाक्य आम्हांपैकी एकाच्याच हस्ताक्षरात आहे.

नववीतला तो मुलगा आमचा सर्वोत्तम धावपटू. जिल्हा पातळीवर पंधराशे मीटरच्या शर्यतीत उतरलेला. दोन्ही दिवस तो सर्वांच्या पुढे होता आणि आम्ही इतरांना त्याचे उदाहरण देत होतो. त्या रात्री तो जेवला नाही. “दुपारचं पोट भरलेलं आहे” म्हणाला. डोके आदल्या रात्रीपासूनच ठणकत होते, हे नंतर कळले. रात्री दोनदा तो तंबूबाहेर जाऊन ओकला आणि आवाज होऊ नये म्हणून ओढ्याकडे गेला. तंबूतल्या सोबत्याला त्याने शपथ घातली. पहाटे बुटाच्या नाड्या त्याला बांधता येईनात. सोबत्याने त्या बांधून दिल्या, आणि मग तो सोबती घाबरून आमच्याकडे आला. शपथ मोडणाऱ्या त्या मुलाचे आभार आम्ही येथे जाहीरपणे मानतो.

वाटाड्याने त्याला एका सरळ रेषेत, टाचेला बोट लावून चालावयास सांगितले. चौथ्या पावलाला तो बाजूला कलंडला. वाटाडा एवढेच म्हणाला, “नीचे. अभी.” आम्हांपैकी दोघे त्याला घेऊन निघाले. दोन तासांत तो नीट बोलू लागला, दुपारी जोबऱ्याला त्याने भात मागितला आणि रात्री मनालीत तो गाढ झोपला. उंचीवरील आजारावर खाली उतरणे याइतका खात्रीचा उपाय नाही, हे आम्ही पुस्तकात वाचले होते. त्या दिवशी डोळ्यांनी पाहिले. चालताना तोल जाणे ही मेंदूला सूज येऊ लागल्याची खूण असते, हेही वाचले होते. आणखी एक दिवस तो ‘हो सर’ म्हणत राहिला असता, खिंड चढून पलीकडे शिया गोरूला पोहोचला असता, तर हा लेख लिहिण्याची ताकद आमच्यात उरली नसती.

मनालीत त्याला विचारले, “अरे, सांगितलं का नाहीस?” बराच वेळ तो गप्प राहिला. मग म्हणाला, “सर, मी वापस आलो तं पुढच्या साली आमच्या टोलीतल्या पोरायले कोण नेईन?”

या एका वाक्याने आमची झोप उडाली. त्या मुलाच्या पाठीवर सात किलोंची पिशवी नव्हती. अख्खी टोली होती. वर्गणी देणारी माणसे होती, मंडपातील टाळ्या होत्या, ध्वनिक्षेपकावरून पुकारलेले नाव होते. आणि ते ओझे आम्हीच, मोठ्या प्रेमाने, त्याच्या पाठीवर चढविले होते. त्याने आमच्याशी लबाडी केली असे म्हणण्याचा अधिकार आम्हांला नाही.

येथे थोडे कटू लिहावे लागत आहे. निवासी विद्यालयात मूल दाखल होते तेव्हा ते पहिली गोष्ट शिकते ती ही, की तक्रार करावयाची नाही. पाण्याची बादली गार आहे, भाजीत मीठ अधिक आहे, पोट दुखते आहे. दीडशे मुलांच्या वसतिगृहात प्रत्येकाचे ऐकत बसले तर घंटा वेळेवर होणार नाही. आम्ही त्याला शिस्त म्हणतो, आणि पुष्कळदा ती शिस्त असतेही. त्यातही आपली मुले ज्या घरांतून येतात त्या घरांत दुखणे सांगून काही उपयोग होत नाही, हे त्यांना पाळण्यात असल्यापासून ठाऊक असते. आई ताप अंगावर काढून रोवणीला जाते. बाप कंबर धरून बांधकामावर जातो. असे मूल वसतिगृहात ‘शहाणे’ ठरते, कारण ते कुरकुर करीत नाही. मैदानावर हा गुण ठरतो, परीक्षेतही ठरतो. साडेतीन हजार मीटरवर तोच गुण जीवघेणा आहे.

कारण तेथील शत्रू डोळ्यांना दिसत नाही. हवेत प्राणवायूचे प्रमाण सगळीकडे एकवीस टक्केच असते. कमी होतो तो हवेचा दाब. हामटा खिंडीवर तो समुद्रकाठच्या दाबाच्या सुमारे साठ टक्के, आणि साडेपाच हजार मीटरवर निम्मा. प्रत्येक श्वासाबरोबर आत जाणारा प्राणवायू तेवढाच घटतो. शरीर याला तोंड देते, पण आपल्या गतीने. श्वास लगेच जलद होतो. त्यामुळे रक्ताचे रासायनिक संतुलन ढळते, ते सावरण्यास मूत्रपिंडांना काही दिवस लागतात. उंचीवर लघवी वरचेवर होणे ही म्हणूनच बहुधा चांगली खूण असते. रक्तातील तांबड्या पेशी वाढण्यास तर आठवडे लागतात. या कामाला घाई करता येत नाही आणि मैदानावरच्या फेऱ्यांनीही ते आधी उरकून ठेवता येत नाही. ज्याचे पाय बळकट तो उलट अधिक वेगाने वर जातो आणि अधिक लवकर आजारी पडू शकतो. आमचा धावपटू पुढे होता आणि सर्वांत मागे चालणारी, आम्ही जिची काळजी करीत होतो ती आठवीतली मुलगी, खिंडीवर हसत उभी आहे.

हे ज्ञान आपल्या देशाने फार मोठी किंमत देऊन मिळविले आहे. १९६२ च्या चीन युद्धाच्या काळात सपाटीवरचे जवान घाईने हिमालयातील उंच ठाण्यांवर पोहोचविले गेले. लष्करातील डॉक्टर इंदर सिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा आजारी पडलेल्या १,९२५ जवानांची निरीक्षणे १९६९ मध्ये प्रसिद्ध केली. उंचीवरील आजाराच्या अभ्यासात तो निबंध आजही मूलभूत मानला जातो. ते जवान तरुण होते, कसलेले होते, निवडून घेतलेले होते. आज भारतीय लष्कर नऊ ते बारा हजार फुटांच्या पट्ट्यात प्रथम जाणाऱ्या जवानाला सरावासाठी सहा दिवस देते आणि त्यांतले पहिले दोन निव्वळ विश्रांतीचे असतात. आमच्या मुलांना आम्ही एक रात्र दिली.

या ठिकाणी एका शब्दाविषयी आमचे मत नोंदवितो. ‘काटक’. आपल्या मुलांविषयी पाहुणे हा शब्द फार सहजपणे वापरतात: खेड्यातली मुले, काटक असतात, त्यांना काही होत नाही. आम्हीही तो वापरला आहे. या कौतुकाच्या आड तयारीचा खर्च वाचविण्याची सोय दडलेली असते. शहरातील महागड्या शाळेची मुले जातात तेव्हा त्यांच्यासोबत डॉक्टर असतो, प्रत्येकाच्या पायात मापाचे बूट असतात. आपली मुले काटक असल्यामुळे त्यांना मागच्या वर्षीचे बूट चालतात. फुप्फुसांना गावाचे नाव कळत नाही.

बुटांचा उल्लेख आलाच आहे तर तेवढे सांगून पुढे जातो. बूट दोन महिने आधी घ्यावेत, संध्याकाळी पाय थोडे फुगलेले असताना, जाड मोज्यांसह घालून पाहावेत आणि ते वर्गातही घालू द्यावेत. बर्फावर सुती कपडे ओले झाले की वाळत नाहीत. लोकरीचा जुना स्वेटर त्यांहून शतपटीने बरा. काळा चष्मा ही चैन नव्हे, बर्फावरच्या उन्हाने डोळे सुजतात. बाकीची यादी कोणीही देईल.

वैद्यकीय तपासणीबाबत मात्र सविस्तर लिहिणे भाग आहे. आमच्या बावीस मुलांना एका दुपारी बावीस प्रमाणपत्रे मिळाली. छातीला नळी लावली, वजन घेतले, शिक्का मारला. आम्ही यापेक्षा अधिक मागितले नव्हते, तेव्हा दोष आमचाच. आपल्या मुलांसाठी दोन तपासण्या सक्तीच्या असाव्यात, असे आमचे आग्रहाचे म्हणणे आहे. पहिली हिमोग्लोबिनची. प्राणवायू वाहून नेणारे द्रव्यच रक्तात कमी असेल तर विरळ हवेत त्या मुलाची दुप्पट ओढाताण होते. आपल्या मुलींपैकी अनेकींत ते कमी आढळते, आणि लोहाच्या गोळ्यांनी ते भरून येण्यास महिने लागतात. म्हणून जूनमध्ये जावयाचे तर रक्त दिवाळीच्या सुमारास तपासले पाहिजे. मे महिन्यात तपासून केवळ नाव वगळता येते, मूल सुधारता येत नाही.

दुसरी तपासणी सिकलसेलची. विदर्भातील आदिवासी आणि बौद्ध समाजांत या आनुवंशिक विकाराचे प्रमाण मोठे आहे, हे येथील प्रत्येक जाणत्या माणसाला ठाऊक आहे, तरी त्याविषयी उघडपणे बोलले जात नाही. प्राणवायू कमी पडला की या विकारात तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकतात. ज्याला हा विकार आहे त्या मुलाला अशा उंचीवर नेणे म्हणजे जाणूनबुजून संकटात ढकलणे होय. जो केवळ वाहक आहे तो रुग्ण नव्हे. तो धावतो, खेळतो, आयुष्यभर निरोगी राहतो आणि अनेकदा आपण वाहक आहोत हे त्याला माहीतही नसते. परंतु उंची, श्रम आणि शरीरातील पाण्याची कमतरता एकत्र आली असता वाहकाच्याही प्लीहेला इजा झाल्याची उदाहरणे वैद्यकशास्त्रात नोंदलेली आहेत; डाव्या बरगड्यांखाली एकाएकी तीव्र वेदना उठते. ती वेदना ‘वाताची’ समजून दाबून ठेवणारे मूल आणि ‘चालत राहा, जाईल’ म्हणणारा शिक्षक यांची गाठ पडू नये. वाहक मुलांनी जावे की नाही, कोठवर जावे, हे प्रत्येकाच्या बाबतीत जाणकार डॉक्टरांनी ठरवावे. आणि निकाल मूल, पालक व डॉक्टर यांच्यापुरताच राहावा. फळ्यावर लावावयाची ती यादी नव्हे. लग्नाच्या बोलण्यांत अशा याद्या कशा वापरल्या जातात ते आपण पाहिलेले आहे.

उंचीवरील त्रास टाळण्यासाठी एक गोळीही दिली जाते, तिचे नाव आता मुलांनाही पाठ आहे. ती डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय कोणालाही देऊ नये आणि तिच्या भरवशावर एकही दिवस कमी करू नये, याहून अधिक लिहिण्याचा आमचा अधिकार नाही.

आता दिवसांचा, म्हणजेच पैशांचा प्रश्न. ज्या संस्थेमार्फत आम्ही गेलो तिने दोन कार्यक्रम पाठविले होते, एक सहा दिवसांचा व एक आठ दिवसांचा. आम्ही सहा दिवसांचा निवडला. दोहोंतील फरकाची रक्कम आम्ही नंतर मांडून पाहिली. टी-शर्ट, फलक, मंडप आणि पुष्पगुच्छ यांचा खर्च जवळजवळ तेवढाच भरला. यावर भाष्य करण्याची गरज नाही.

तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा एका दिवसात पाचशे मीटरहून अधिक वर नेऊ नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावे, असा जाणकारांचा सर्वमान्य संकेत आहे. त्यानुसार आम्ही नवा आराखडा दिला आहे: मनालीत दोन रात्री, चिकाला दोन, बालू का घेऱ्याला दोन, आणि आजारी मुलाला घेऊन परत फिरता यावे म्हणून दोन शिक्षक अधिक. खर्च वाढतो. मिळणाऱ्या निधीत बावीसऐवजी चौदा मुले बसतात. व्यवस्थापन मंडळातील काही सन्माननीय सदस्यांना हे मान्य नाही. त्यांचे म्हणणे असे की आठ मुलांची संधी आम्ही आमच्या भीतीपोटी हिरावून घेत आहोत. जी मुले आयुष्यात दुसऱ्यांदा हिमालय पाहणार नाहीत त्यांच्या बाबतीत सावधगिरी हीसुद्धा एक वंचनाच आहे. हा आक्षेप हलका नाही. मंडप आणि टी-शर्ट वगळले तर आणखी दोन मुले बसतील. उरलेल्या सहांना काय सांगावे, याचे उत्तर आम्हांला सापडलेले नाही. तरीही चौदांची किंवा सोळांची तुकडी पूर्ण तयारीने न्यावी, बावीस मुलांची अर्ध्या तयारीने नेऊ नये, या मतावर आम्ही ठाम आहोत.

दुसऱ्या बाजूने असेही विचारणारे भेटतात, की जेथे स्वच्छतागृहांची दुरुस्ती रखडली आहे तेथे हिमालयाची हौस कशाला? त्यांना आम्ही तेलंगणाकडे पाहावयास सांगतो. मालावत पूर्णा आणि साधनापल्ली आनंदकुमार हे दोघे समाजकल्याण निवासी विद्यालयांचे विद्यार्थी, एक आदिवासी तर एक दलित कुटुंबातला. २५ मे २०१४ रोजी दोघे एव्हरेस्टच्या माथ्यावर उभे राहिले, तेव्हा पूर्णाचे वय तेरा वर्षे अकरा महिने होते. चार वर्षांनी, मे २०१८ मध्ये, आपल्या शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातील आदिवासी आश्रमशाळांच्या पाच विद्यार्थ्यांनी ‘मिशन शौर्य’ या मोहिमेत तेच शिखर गाठले. वृत्तपत्रांनी वयाचा विक्रम छापला. आमचे लक्ष दुसऱ्या गोष्टीकडे जाते. तेलंगणाच्या मुलांची सुरुवात भोंगीरच्या कातळावर झाली. त्यांतून निवडलेल्यांना दार्जिलिंगच्या हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूटमध्ये शिकविले गेले, मग लडाखच्या थंडीत ठेवले गेले, आणि त्यानंतर एव्हरेस्ट. टप्प्याटप्प्यावर काही मुले गळाली, काहींना थांबविले गेले. गरीब घरच्या मुलांवर कोणीतरी एवढा वेळ आणि पैसा खर्च केला, ही त्या कथेतील आम्हांला शिखराहूनही मोठी वाटणारी बाब आहे.

दार्जिलिंगच्या त्या संस्थेत प्रशिक्षणाचे पहिले प्रमुख होते तेन्झिंग नोर्गे. २९ मे १९५३ ही तारीख मुलांना पाठ असते. त्यांना हे सहसा सांगितले जात नाही की एव्हरेस्टवरची तेन्झिंग यांची ती सातवी मोहीम होती. १९५२ च्या वसंतात स्विस गिर्यारोहक रेमंड लँबर्ट यांच्यासह ते सुमारे ८,६०० मीटरपर्यंत पोहोचले होते. शिखर अवघे अडीचशे मीटर वर होते. तेथून दोघे मागे फिरले. आमच्या मंडपात त्या संध्याकाळी तेन्झिंग यांचे नाव तीन वक्त्यांनी घेतले. मागे फिरल्याचा उल्लेख एकानेही केला नाही, आम्हीही नाही. केला असता तर ओढ्याकडे जाऊन ओकणाऱ्या त्या मुलाला कदाचित आठवला असता.

म्हणून यंदा तयारी वसतिगृहातून सुरू झाली आहे. निरोप समारंभ होणार नाही. परत आल्यावर, खिंडीपर्यंत गेलेल्या आणि न गेलेल्या सर्वांचे स्वागत एकत्र होईल. मोहिमेत कोण कोठवर गेले याची नोंद शाळेच्या फलकावर लागणार नाही. ‘सगळे ठीक ना?’ हा प्रश्न आम्ही स्वतःला बंद केला आहे. त्याऐवजी प्रत्येकाला वेगळे घेऊन, इतरांना ऐकू जाणार नाही अशा ठिकाणी, रोज तेच प्रश्न विचारावयाचे: डोके दुखते का, शून्य ते तीनपैकी किती? जेवण किती गेले? मळमळते का? चक्कर येते का? लघवी किती वेळा झाली? मुलींना हे प्रश्न बाई विचारतील. सुरुवातीला मुलांना हसू येत असे, आणि तीन आठवडे प्रत्येक रकान्यात शून्यच भरले गेले. दीडशे मुलांच्या वसतिगृहात एकाही मुलाचे डोके तीन आठवडे दुखत नाही, यावर विश्वास ठेवणारे आम्ही पूर्वी होतो. चौथ्या आठवड्यात एका मुलाने ‘एक’ सांगितला. त्याला त्या दिवशी पहाटेच्या फेरीतून सूट दिली आणि त्याबद्दल कोणी काही बोलले नाही. त्यानंतर आकडे येऊ लागले. त्यातून एका मुलीचा दुखरा दात निघाला आणि एका मुलाला फळ्यावरचे दिसत नसल्याचे कळले. या दोन्ही गोष्टी किती महिन्यांपासून चालू होत्या ते लिहिण्यास संकोच वाटतो.

चिकित्सेची वही सांभाळण्याचे काम यंदा दहावीत गेलेल्या त्या बाविसाव्या मुलाकडे आहे. परीक्षा मार्चमध्ये आटोपत असल्यामुळे जूनच्या तुकडीत त्याचेही नाव आहे, आणि आम्ही कोणी सुचविण्याआधी त्याने हे काम मागून घेतले. गेल्या रविवारी रामटेकच्या पायऱ्यांवर, अर्ध्या वाटेत, तो वही घेऊन एकेकाजवळ बसत होता. सातवीतल्या एका मुलीने त्याला हळूच सांगितले, “दादा, बूट चावते.” त्याने ते लिहून घेतले आणि आमच्याकडे पाहिले. अठरा जणांची रांग तेथेच थांबली. मुलीने बूट काढला, टाचेवर फोड आला होता. पट्टी लावून होईपर्यंत वीस मिनिटे गेली, आणि वर मंदिरापर्यंत न जाताच आम्ही सर्व खाली उतरलो.